दुखत नाही

घरच्या माणसाला भूल द्यायची नाही, हा तिचा स्वतःचाच नियम. पण सासरे ऐकतील तर ना! सुनेने हौसेने आणलेले नवे बूट घालून फिरायला गेले, पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. तरी हेका कायम. "भूल माझी सूनच देईल. नाहीतर मी चाललो घरी." घ्या! एक पाऊल टाकता येत नव्हतं, आणि म्हणे चाललो.

त्यात छातीचं जुनं दुखणं. पूर्ण बेशुद्ध केलं तर फुप्फुसं दगा देतील, ही भीती. म्हणून तिने पाठीत बारीक नळी बसवली आणि कमरेखालचा भाग बधिर करणारं औषध सोडलं. टाचेवर चिकटपट्टी दिसली.

"ही कशाने, बाबा?"

"काही नाही गं."

मग मोडक्या बाजूच्या मांडीला तिने सुईचं टोक लावलं. "टोचतंय?"

"छे! अजिबात नाही."

सर्जनने चिरा दिला मात्र, मॉनिटरवर नाडीचा आकडा टुणकन वर गेला. म्हातारबुवांची मूठ आवळली, कपाळावर घाम. तोंडातून चकार शब्द नाही.

"थांबा!" ती ओरडली.

"अहो, पेशंटला दुखत नाहीये. तुम्हाला काय दुखतंय?" सर्जन वैतागला.

"ते खोटं बोलताहेत."

औषध त्या बाजूला नीट पोचलंच नव्हतं. चारचौघांत सुनेचा कमीपणा नको म्हणून हा माणूस जिवंतपणी कापून घ्यायला निघाला होता! तिला संताप आला आणि रडूही.

आता नळीतून बधिरतेच्या औषधाचा आणखी एक डोस, आणि त्याला फेंटानिल या जालीम वेदनाशामकाची जोड. जोडीने बधिरपणा घट्ट होतो. पण तेच श्वास मंद करतं, आणि या छातीत मुळात श्वास तो किती? तिने औषधाचं नाव मोठ्याने उच्चारलं, नर्सने पुन्हा म्हटलं, आणि तिने हळूहळू सिरिंज दाबली.

मूठ सैल झाली. या वेळी तिने विचारलं नाही, चिमटा काढून चेहरा पाहिला. चेहरा शांत होता. सर्जन कामाला लागला.

थोड्या वेळाने सासऱ्यांचे डोळे मिटले. ऑक्सिजनचा आकडा घसरू लागला.

"बाबा, मोठा श्वास घ्या."

तिने त्यांची हनुवटी वर उचलली, मास्क घट्ट धरला. छाती हलेना. नर्सने फेंटानिलवरच्या उताऱ्याची सिरिंज पुढे केली. तो दिला तर श्वास येईल, पण वेदनाही परत येतील.

"बाबा! झोपायचं नाही! बोला माझ्याशी. शिव्या द्या हवं तर!"

छाती एकदम वर आली. मग पुन्हा. आकडा रडतखडत चढला. तिने नर्सला मानेनेच नको म्हटलं.

"सूनबाई..."

"बोला, बाबा. खरं सांगा, दुखतंय?"

"आता नाही." मास्कआड ओठ हलले. "मघाशी जीव चालला होता."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी नजर छताकडे वळवली.

"आणि ते बूट," ते पुटपुटले, "फार चावतात गं."

हनुवटीखालचा हात तिने काढला नाही.

"फेकून देऊ, बाबा. आजच फेकून देऊ. श्वास घ्या."