हिरवी रेघ

"आज तिला काही पाजू नकोस," चुलीशी बसल्या बसल्या सासूबाई म्हणाल्या. "वजन झालं की पाज. तोवर एक घोटसुद्धा नको."

"सकाळपासून बोट चोखतेय ती."

"चोखू दे. बोटानं काटा हलत नाही."

मी चिमणीला कडेवर घेतलं आणि दारात जाऊन उभी राहिले. बाहेर उन्हाआधीच वारा सुटला होता. समोरच्या नांगरल्याविना पडलेल्या शेतांतली माती उडवून तो घरात आणून टाकत होता.

दर महिन्याला गावातल्या सरकारी खोलीत लहान मुलांची वजनं होतात. भिंतीवर रंगीत पट्ट्यांचा तक्ता आहे. वयाच्या मानानं वजन कमी असेल तर मूल पिवळ्या पट्ट्यात, आणि पिवळ्या पट्ट्यातल्या मुलाला पुढच्या वजनापर्यंत पुरेल एवढं भरडलेलं पीठ मिळतं, पिशव्यांमधून. हिरव्या रेघेला टेकलं की पिशव्या बंद. चिमणी पिवळ्यात होती आणि तिच्या पिशव्यांवर आमचं सगळं घर तगून होतं.

माझा नवरा ट्रॅक्टर चालवायचा. पावसानं सारखी हुलकावणी दिली, नांगरट कुणी करेना, शेवटी मालकानं ट्रॅक्टरच विकून टाकला. आता नवरा सकाळी चौकात जाऊन उभा राहतो आणि दुपारी तोंड पाडून परत येतो. स्वस्त धान्य अर्धा महिनाही पुरत नाही. मग सासूबाई चिमणीची पिशवी फोडतात, मोठ्या पातेल्यात पीठ शिजवतात आणि पाणी सढळ हातानं ओततात. त्या पाठमोऱ्या झाल्या की मी पळी तळापर्यंत घालते आणि घट्ट असेल ते चिमणीच्या वाटीत काढते. माझ्या वाटणीचंही तिलाच. कॉलेजात मी आहारशास्त्राचा पेपर दिला होता. हातापायांच्या काड्या आणि पुढं आलेलं पोट म्हणजे काय, ते मला माहीत होतं. माहीत नसतं तर झोप तरी लागली असती.

गेल्या काही दिवसांत तिच्या मांडीवर एक वळी दिसायला लागली होती. आंघोळ घालताना मी त्या वळीवरून बोट फिरवायची. आधी बरं वाटायचं, मग तक्त्यावरची हिरवी रेघ आठवायची.

खोलीबाहेर बायकांची रांग लागली होती. आमची शेजारीण तिथंच होती. तिचं तोंड मिटत नाही म्हणून सगळा गाव तिला रेडिओ म्हणतो.

"अगं, ते वाळे काढ पोरीच्या पायातले," ती मला म्हणाली. "मी तर माझ्याची चड्डीपण काढून ठेवलीय. दोनदा शू करवून आणलाय. जगातल्या आया पोरं भरतात, आपण रिकामी करून आणतो!"

बायका हसल्या. रेडिओ पण हसली, आणि मग तिनं उघड्या पोराला पदराखाली घेतलं.

चिमणीनं सूर लावला होता. आधी मोठ्यानं, मग नुसतंच कण्हल्यासारखं. तो आवाज मला ऐकवेना. "आत्या, जरा धरता का हिला? मी फडकं ओलं करून आणते," सोबत आलेल्या सासूबाईंना म्हटलं आणि हातपंपाकडे गेले. दांडा बराच वेळ कोरडाच खडखडत राहिला. थोडं पाणी आलं, तेवढ्यात फडकं भिजवलं.

परत आले तर चिमणी गप्प. भिंतीच्या सावलीत सासूबाईंच्या मांडीवर बसून वाटी तोंडाला लावून पीत होती. आवाज करत, डोळे मिटून. वाटीत कालची पेज होती. घट्ट. सासूबाईंनी रात्री आपण जेवल्याचं सांगितलं होतं; ही त्यांचीच वाटणी, वजनानंतर पाजायला आणलेली.

"आत्या, अहो हे काय?"

"रडत होती," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मला नाही बघवलं. घोटभरच देणार होते. वाटी सोडेचना कार्टी."

वाटी रिकामी झाली होती. त्यांनी पदरानं तिचं तोंड पुसलं.

आत वजनवाल्या ताईंनी चिमणीला झोळीत घातलं आणि झोळी काट्याला अडकवली. चिमणी पाय झाडायला लागली, काटा इकडून तिकडं नाचू लागला. 'पोरीचं वजन कमी भरू दे' म्हणत मी हात जोडले होते. जन्मदात्री आई मी तिची.

काटा थांबला. ताई वाकून बघत राहिल्या, मग तक्त्यावर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"वा! आली की हिरव्यात! अगदी रेघेला टेकलीय, पण आली. टाळ्या वाजवा गं सगळ्या!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. रेडिओनं वाजवल्या नाहीत.

"ताई, परत एकदा बघता का?" मी म्हटलं. "ती आत्ताच प्यायली हो."

"प्यायचंच असतं लेकरानं," ताई हसून म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू मावळलं. आवाज खाली आणत त्या म्हणाल्या, "मला कळतंय गं. पण पिशव्या मोजून येतात. मागं अजून किती पोरं उभी आहेत बघ. त्यांच्यातल्या कुणाची काढू?"

माझ्या मागं रेडिओचा पोरगा उघडा उभा होता. त्याच्या फासळ्या लांबूनही दिसत होत्या. मी चिमणीला उचललं.

घरी येताना सासूबाई पुढं आणि मी मागं. रस्त्याची धूळ तापली होती. पोट भरलं म्हणून चिमणी माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती, आणि रोजच्यापेक्षा जड लागत होती. सांगावंसं वाटलं, आत्या, नुसत्या एका वाटीनं हे झालं नाही, तळाचं घट्ट मी रोज काढत होते. पण मी चिमणीच्या डोक्यावर पदर ओढून चालत राहिले.

बांधापाशी त्या थांबल्या. झोपलेल्या चिमणीच्या मांडीवरची वळी त्यांनी बोटानं चाचपून बघितली, मी बघायची तशीच.

"तू शिकलेली आहेस," त्या हळूच म्हणाल्या. "हे उतरायला साधारण किती दिवस लागतात गं?"

मी त्यांना सांगितलं.