सुर्लकर की होनगेकर

पेडण्याच्या कार्यक्रमाचा फलक छापायला पाचपर्यंत नाव आणि लोगो पाठवायचा होता, आणि तीन वाजले तरी सोनमचं नाव ठरत नव्हतं. चोवीस वर्षांच्या मुलीला स्वतःचं नाव ठाऊक नसावं, आता काय म्हणायचं हिला?

पण खोट तिची नव्हती. शाळेच्या दाखल्यावर ती होनगेकर. तिचा बाप परशुराम बेळगावजवळच्या होनग्याहून गोव्यात सुर्ल्याला खाणीवरचे ट्रक चालवायला आला, त्यालाही आता सव्वीस वर्षं झाली. सुर्ल्यात त्याला बेळगावकार म्हणत, आणि जत्रेला होनग्यास गेलं की भाऊबंद म्हणत, गोवेकर आले. पोर बिचारी ना इकडची, ना तिकडची. देवळातल्या भजनात आणि मग डिचोलीच्या क्लासात पेटी शिकली, स्वतःच्या चाली बांधल्या, चार गाणी इंटरनेटवर टाकली. ती ऐकून पेडण्याच्या मंडळींनी तिला बोलावलं होतं. एकटीनं मंचावर गायची ही पहिलीच वेळ.

डिचोलीत पाट्या आणि लग्नपत्रिका बनवणाऱ्या ओंकारनं लोगो पाठवला. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि खाली नाव, सोनम सुर्लकर. वर निरोप, "होनगेकर कोणाक कळतलें गो? सुर्लकर म्हणजे आपली."

आपली. हा शब्द शाळेपासून कुणी म्हणेल म्हणून ती वाट बघत होती. खरं सांगायचं तर लोगो तिला फार आवडला.

एवढ्यात परशुराम पाळी संपवून आला. तिनं फोन पुढे केला. त्यानं तो हात लांब करून वाचला.

"झ्याक दिसतंय," तो म्हणाला. हातपाय धुतले, चहा घेतला. मग म्हणाला, "कार्यक्रमाला मी येतो, पर मागं बसतो. गाणं झाल्यावर मला हाक मारू नगंस."

"का, अप्पा?"

"मी तोंड उघडलं की कळतंय की कुठला ते. तुझं सुर्लकर तितंच संपंल."

रागानं म्हणाला असता तर ती भांडली असती. पण तो ट्रक कुठं लावायचा हे सांगावं तसं साधं बोलला. सोनमला रडूच फुटलं. डिचोलीच्या क्लासला हाच माणूस बसच्या गर्दीत तिची पेटी मांडीवर घेऊन बसायचा, आणि आज तो तिच्यासाठी मुका व्हायला तयार होता. तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं डोळे पुसून ओंकारला फोन लावला. "सुर्लकर काढ. सोनम परशुराम घाल."

"अरे वा, परशुरामभूमी, म्हणजे आपलें गोंय!" ओंकार खूश. "हें बरें सुचलें तुका. पट्ट्यांच्या वयर एक परशू घालतां. धनुष्यबाणूय घालूं?"

"परशू नको."

"मगे परशुराम कळतलो कसो?"

"ट्रक काढ."

"ट्रक?"

"अरे, माझे अप्पा परशुराम. सुर्ल्याला ट्रक चालवतात. त्यांचं नाव लावतेय मी."

परशुराम दाराला टेकून ऐकत होता. दुरुस्ती करायची ती त्यानं केलीच.

"धा चाकी काढाय सांग त्याला," तो म्हणाला. "सहा चाकी मी कदी चालवलीच न्हाई."