सातवी पेटी

१९४३ च्या जूनमध्ये, झुंजूमुंजू होत असताना, ते इंग्रजी बॉम्बफेकी विमान आमच्या गावामागच्या दलदलीत कोसळलं. फ्रीसलंड या आमच्या डच प्रांतावरून विमानं रोजच जायची, पडायचीही. पण इतक्या जवळ कधी पडलं नव्हतं. मी आणि बाबा धावत पोचलो तेव्हा शेपटीचा तुकडा तेवढा वर होता. बाकीचं सगळं काळ्या चिखलात घुसून जळत होतं.

माझे बाबा, वीबे होइत्सेमा, गावचे सुतार. दफनभूमीचं कामही त्यांच्याचकडे. मी आउक्ये, तेव्हा वीस वर्षांची, शहरात शिक्षिकेचा अभ्यास करत होते. त्यामुळे घरात इंग्रजी येणारी मी एकटीच.

परतताना कालव्याकाठच्या लव्हाळ्यात त्या विमानातून पॅराशूटनं उतरलेला एक जण जिवंत सापडला. पाय मुरगळलेला, भुवया जळालेल्या.

"बाकीचे?" त्यानं मला विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

"सहाच्या सहा?"

त्याचं नाव अ‍ॅलेक थर्कल, ग्रिम्सबी बंदराचा. त्याला दुधाच्या गाड्यावर गवताखाली झोपवून आम्ही घरी आणलं आणि बाबांच्या सुतारकामाच्या कारखान्याच्या माळ्यावर ठेवलं.

दुपारी जर्मन सार्जंट आला. वयस्कर, थकलेला माणूस. त्यानं बाबांना हुकूम दिला: उद्या दुपारपर्यंत शवपेट्या तयार हव्यात, फुलं नाहीत, भाषण नाही. जाता जाता म्हणाला, "या विमानात सात जण असतात. सातही सापडले तर विषय संपला. एक जरी कमी भरला तरी घर न् घर झडतीला."

तो गेल्यावर बाबा बराच वेळ फळ्या निवडत राहिले. मग म्हणाले, "आउक्ये, त्या सहांचंही धड काही हाती लागत नाहीये. सात पेट्या केल्या तर कोण उघडून बघणार आहे?"

"आणि नाव? ओळख काय दाखवणार?"

"त्याच्या गळ्यात बिल्ला आहे ना. जा, माग त्याला."

मी शिडी चढून वर गेले. सगळं सांगितलं. तो ऐकत होता, आणि मध्येच त्याचा हात गळ्याशी गेला.

"म्हणजे माझ्या घरी तार जाणार. मी मेलो म्हणून."

"हो."

"आई एकटी आहे माझी. बाप समुद्रात बुडाला. ती गोदीत मासे साफ करते." मग म्हणाला, "तिला गुपचूप कळवता नाही येणार?"

मी खाली जाऊन बाबांना विचारून आले. "नाही म्हणतात. एक चिठ्ठी पकडली गेली तर आमचं घर जाईल, आणि शेजारची चारही."

"तुमच्या घरात माणसं किती?"

"आई, बाबा, आजोबा, मी."

खालून रंध्याचा आवाज येत होता. शेवटी त्यानं माझ्याकडे सुरी मागितली आणि बिल्ल्याची दोरी स्वतःच्याच हातानं कापली.

बाबांनी त्या बिल्ल्याच्या कडा चुलीवर करपवल्या. सातव्या पेटीत दलदलीची ओली माती भरली, वरून खिळे ठोकले.

दुसऱ्या दिवशी शिपायांनी ती पेटी उचलली आणि एक जण म्हणाला, "ही भलतीच जड आहे."

बाबा शांतपणे म्हणाले, "चिखलात भिजलेला माणूस जडच लागतो."

सार्जंटनं पेटीकडे पाहिलं, मग बाबांकडे, बराच वेळ. मग कागदावर सही केली. त्याला कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

भाषणाला बंदी होती, म्हणून पाळकांनी फक्त सात नावं वाचली, सावकाश. माणसांनी टोप्या काढल्या. अ‍ॅलेक थर्कल हे नाव ऐकून बायका रडल्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढे बावीस महिने तो आमच्याकडे राहिला. बाबांच्या हाताखाली रंधा मारायला शिकला. आई त्याला चिडवायची, "तुझ्या फळीची पेटी केली तर आतला मेलेला उठून तक्रार करेल रे!" तोही हसायचा. फक्त नोव्हेंबरात, त्याच्या आईच्या वाढदिवशी, तो जेवायचा नाही.

पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये कॅनडाचं सैन्य आलं. त्यानं त्याच दिवशी घरी पत्र लिहिलं आणि आठवड्याभरात निघून गेला.

त्याची आई आली ती सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात, त्याच्याबरोबर. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. एडिथ नाव. बाबांनी दाढी केली होती, रविवारचा कोट घातला होता. त्यांनी हात पुढे केला. तिनं त्या हाताकडे पाहिलं, पण घेतला नाही.

"तुम्ही केलंत ते बरोबर केलंत," ती म्हणाली. "माझा मुलगा जिवंत आहे. पण तार आल्यापासून वीस महिने मी त्याला पुरून बसले होते. ते मला नाही माफ करता येत."

सगळे माझ्याकडे बघत होते. थोडं मऊ करून सांगावं असं मनात आलं, पण मी जसंच्या तसं सांगितलं.

बाबांनी हात मागे घेतला. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले.

मग आम्ही दफनभूमीत गेलो. तिथे ती बाकावर बसली आणि तिनं पिशवीतून वही काढली. त्या वीस महिन्यांत ती बाकीच्या सहा आयांना पत्रं लिहायची, त्याही तिला लिहायच्या.

"हा परत आला आणि मी लिहायचं थांबवलं," ती म्हणाली. "काय तोंडानं लिहू? दोन वर्षं झाली. आता निदान काहीतरी घेऊन जाऊ दे मला. एकेकाचं सांगा. कुठे सापडला, कसा होता."

बाबा तिच्या शेजारी बसले. एकेका नावावर थांबत, आठवेल तेवढं सांगत गेले. मी मध्ये बसून भाषांतर करत होते. अ‍ॅलेक लांब भिंतीपाशी उभा होता. दोघांच्या बाबतीत बाबा म्हणाले, "हे दोघे हाती लागलेच नाहीत."

तिची पेन्सिल थांबली. "हे असं लिहू त्यांच्या आयांना?"

"खोटं एकदा लिहून झालं आहे," बाबा म्हणाले. "आता खरं लिहा."

तिनं मान खाली घालून लिहिलं. गाईंच्या धारा काढायची वेळ होईपर्यंत आम्ही तिथेच होतो. नंतर आमच्या स्वयंपाकघरात तिनं बटाटे आणि ताक घेतलं, आईला दोनदा धन्यवाद दिले, आणि सहाच्या बसनं दोघं गेले.