चार वाजताची तिकिटं

रमजानात सरकार आमच्या वाटेवर येतं. एरवी वर्षभर राजधानीचं घड्याळ एक तास पुढे पळतं, आणि आम्ही डोंगरातली माणसं जुन्याच वेळेला चिकटून बसतो. तिला आम्ही देवाची वेळ म्हणतो. त्यामुळे कुणी वेळ सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला, "जुने की नवे?" रमजानात मात्र सरकार स्वतःच काटा मागे घेतं. मग महिनाभर कुणी काही विचारत नाही.

नेमक्या त्याच महिन्यात लहबीब मास्तरांनी शाळेत फुकट तिकिटं वाटली. ईदनंतरच्या रविवारी, खाली बेनी मेलाल शहरात, फुटबॉलचा मैत्रीचा सामना, चार वाजता. पोरं तिकिटं उशाशी घेऊन झोपायची. जुने की नवे, हे एकानेही विचारलं नाही.

बासूची पोरगी तुदा तर हवेतच होती. तिचा भाऊ झायद बेनी मेलालच्या संघाचा गोलकीपर. मेंढ्या टाकून चेंडूमागे गेला म्हणून बासूने तीन वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आता झायद बहरीनच्या संघात निघाला होता. विमान त्याच रात्रीचं, म्हणून अर्धाच सामना खेळून तो मैदानावरूनच विमानतळाकडे जाणार होता.

"बाबा, एकदा चला," तुदा म्हणाली. "तो गेल्यावर रुसणार कुणावर?"

"मी पोरांवर लक्ष ठेवायला येतोय. त्याच्यासाठी नाही."

"हो तर! म्हणून ईदचा झगा चढवलास," मी म्हटलं. गाडी माझी, बोलायचा हक्कही माझाच.

मास्तर ईदला आपल्या घरी गेले होते, ते परस्पर मैदानावर भेटणार होते. सामन्याच्या आदल्या रात्री सरकारने काटा पुन्हा पुढे सरकवला. आमच्या गावात त्याची कुणाला खबर असणार? माझ्या गाडीच्या घड्याळाला तर मी कधी हातच लावत नाही.

घाटात पोरं गाणी म्हणत होती. बासू मांडीवर मधाचा डबा धरून बसला होता. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाला, "हमाद, काय बोलायचं रे त्याच्याशी?"

"नुसतं नाव घेऊन हाक मार. पुढचं तो बोलेल."

घाट उतरलो आणि फोनला रेंज आली. लगेच मास्तरांचा फोन.

"कुठे मेलात सगळे? अर्धा सामना संपत आला!"

"मास्तर, अजून चार वाजायचेत की."

ते म्हणाले, "कुणाचे चार, हमाद?"

राग तरी कुणावर काढायचा? सरकारवर, मास्तरांवर, की आमच्या ताठ मानेवर? मी गाडी पिटाळली, पण गेलेला तास काही गाडीने गाठता येत नाही.

मास्तर फाटकाशीच उभे होते. "आत्ताच गेला तो," ते म्हणाले. "सारखा आपल्या रिकाम्या बाकांकडे बघत होता."

पोरांना त्यांनी उरलेला खेळ बघायला आत नेलं. बासू आत गेला नाही. तुदाने तिथेच उभं राहून भावाला फोन लावला. त्याच्या गाडीच्या घरघरीतून त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आलोय रे आम्ही! बाबाही आलेत!"

"तुदा, खोटं नको बोलूस. मी बघितलंय. कुणी आलं नव्हतं."

बासूने डबा माझ्या हातात दिला आणि फोन घेतला.

"झायद," तो म्हणाला. "आमच्या घड्याळात अजून चार वाजायचेत, पोरा. तू अजून मैदानात उतरायचायस. मी वेळेवर आलोय रे."

पलीकडे पोरगा रडायला लागला. बासू फोन कानाशी घट्ट धरून तसाच उभा राहिला.