चिमूटभर छाती

पोंभुर्ण्याच्या बाजार-मैदानावर त्या रविवारी सकाळीच झुंबड उडाली होती. धान कापून झाले होते, हात मोकळे होते, आणि पोलीस भरतीची तयारी करणारी आसपासच्या गावांतली झाडून सगळी पोरं तिथं जमली होती. त्यांच्यामागे त्यांचे आईबाप, आणि मधोमध चौरंगावर उभे वज्रगुरू! कफनी, जटा, कमंडलू असलं जुनं सामान त्यांच्याकडे नव्हतं. चकचकीत ट्रॅकसूट, गळ्यात रुद्राक्ष, शिट्टी आणि शिंप्याचा टेप. देवमाणूसही आता काळाप्रमाणे चालतो.

"बेटा, ताकद थाळीत नसते, प्राणात असते!" गुरू गरजले. "भात, दाळ, मासोळी, अंडे, सब तामस! यानं पोट भरते, छाती नाही भरत. एक चिमूट वज्रचूर्ण, और देखो चमत्कार!"

एक काटकुळा पोरगा पुढं आला. गुरूंनी त्याला 'हूं'कार लावायला सांगितला. लांबच लांब, छातीतली हवा पार संपेपर्यंत. तो संपता संपता टेप फिरला. "अठ्ठ्याहत्तर!" मग जिभेखाली चिमूटभर चूर्ण. "आता प्राण आत ओढ. अजून ओढ! धरून ठेव! बोलला तर शक्ती उडून जाईल." पुन्हा टेप. "चौऱ्याऐंशी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी कुणी चौरंगाला हात लावून नमस्कारही केला. भरतीत छाती एकदा साधी मोजतात आणि एकदा फुगवून, हे तिथल्या प्रत्येक पोराला पाठ होतं. छाती फुगवायचा सराव तर ते रोज करत. आणि नेमके तेच, श्वास भरल्यावर छाती वाढलेली पाहून तोंडात बोटं घालत होते!

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या रोशनीचं डोकं तापलं होतं. कारण पहिल्याच रांगेत हात जोडून उभा होता तो तिचा धाकटा भाऊ, कुलदीप. गेल्या भरतीत साधी छाती एकोणऐंशी भरायला हवी होती, याची सत्त्याहत्तर भरली आणि साहेबांनी बाजूला काढलं. तेव्हापासून तो वज्रगुरूंचा झाला होता. सकाळी चिमूटभर चूर्ण, संध्याकाळी एकदा मूठभर भात, बाकी दिवसभर प्राण. पूर्वी दोघं सोबत धावताना तो रोशनीच्या कितीतरी पुढं असायचा. काल तर शेवटच्या फेरीत चक्कर येऊन शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच बसला. भरती उन्हाळ्याच्या तोंडावर होती. हा असाच उपाशी पळत राहिला असता तर छाती राहू द्या, पायही उरले नसते.

आणि घर कुणाचं? आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव तलावात सोडले. त्याच घरात आता बाबासाहेबांच्या तसबिरीखाली वज्रचूर्णाची पुडी मांडलेली! रोशनीला या गोष्टीची भयंकर चीड होती. आदल्या रात्री तिनं घरी भावाची छाती मोजली, तर शहात्तर, गेल्या भरतीपेक्षाही एकानं कमी. ठमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईनं, हळूच म्हटलं, "गुरुजी म्हणते, घरी मासोळी शिजते म्हणून शक्ती उतरते." उत्तरही गुरूंनी आधीच देऊन ठेवलं होतं.

आता मात्र तिला सगळा खेळ स्वच्छ दिसला. ती सरळ चौरंगाशी गेली.

"गुरुजी, टेप द्या. मी मोजते."

"बाईनं हात लावला तर शक्ती विटाळते, बेटी."

"मंग भरतीत बाई पोलिसानं माप घेतलं तर का कराचं जी?"

गर्दीत हशा पिकला. गुरूंचं तोंड उघडायच्या आत तिनं टेप ओढून घेतला. "पत्रू, तू ये."

पत्रू जंगलापलीकडच्या गावातून सायकलनं सरावाला येणारा पोरगा. तो हसत पुढं आला. रोशनीनं त्याला हूंकार लावायला सांगितला, श्वास संपल्यावर माप घेतलं. मग हवेतून रिकामी चिमूट उचलून त्याच्या जिभेखाली ठेवल्याचं सोंग केलं. "ओढ प्राण! धर!" छाती सहा सेंटीमीटरनं वाढली.

मग तिनं चौरंगावरची पुडी उचलली. "आता हे खरं चूर्ण खा. अन् श्वास सोड." टेप होता तिथंच परत आला.

रोशनीनं पुडीतली भुकटी स्वतःच्या जिभेवर ठेवली आणि मोठ्यानं हसली. "हे त भाजलेल्या चण्याचं पीठ हाय! गुरुजी, चिमूटभर देण्यापेक्षा वाटीभर दिलं असतं ना, त कोणाचं तरी भलं झालं असतं!"

"इथी श्रद्धा नाही! वातावरण दूषित झालं!" गुरू ओरडले.

"वातावरण राहू द्या. श्वास सोडून माप घेऊन दाखवा," मागून एक बाप म्हणाला. मग दुसरा म्हणाला. मग सगळेच म्हणू लागले. प्राणाचे एवढे मोठे धनी, पण त्यांना धाप लागली. चेल्याला हाक मारत ते जीपकडे सुटले ते सुटलेच. टेप रोशनीच्या हातात राहिला.

वाटेत कुलदीप तिच्यावर उखडला. "ताई, लोकाईसमोर माही इज्जत काढली तू!"

"तुही नाई, त्याची काढली."

त्यानं वाटेतला एक दगड पायानं उडवला. मग म्हणाला, "मंग छाती वाढते कायनं?"

"जेवल्यानं, बाबू! तू पळून जेवढं जाळतं, त्याच्याहून थोडं जास्त खा. दाळ, चणे, अंडे, मासोळी रोज पोटात पाह्यजे. दंड मार, वजन उचल अन् झोप. लई कोंबलं त नुसती चरबी चढते. उपाशी राह्यला त अंग आपलंच मास खाते. तेच झालं तुहं."

त्या रात्री ठमाबाईंनी तसबिरीखालची पुडी उचलली, चुलीपाशी नेली आणि झुणक्याच्या बेसनात रिकामी केली. कुलदीप तीनदा वाढून घेऊन जेवला.

लोकहो, श्वास कुणाचाही असो, धरला की छाती वाढते आणि सोडला की उतरते. तुमच्यापुढं कुणी चमत्काराचं माप ठेवलं, तर टेप आपल्या हातात घ्या. त्यानं आधी काय करायला लावलं आणि नंतर काय, एवढं तरी विचारा. टेप देणार नसेल, तर उठून घरी जा आणि पोटभर जेवा.

उन्हाळ्याच्या तोंडावर भरतीचं मैदान भरलं. साहेबांनी कुलदीपच्या छातीभोवती टेप फिरवला आणि म्हणाले, "श्वास सोड." त्यानं सोडला, अगदी शेवटपर्यंत सोडला. टेप उतरत उतरत एकोणऐंशीवर आला आणि तिथंच थांबला.