दिवा बंद करायचं बटण

धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी नव्या मोटारसायकलींचा पुढचा दिवा बंद होईनासा झाला. गाडी चालू केली की दिवा लागायचा, भर दुपारीसुद्धा. कंपनीने बटणच काढून टाकलं होतं. जावयाने लग्नानंतर घेतलेली गाडी तसलीच होती.

तेव्हा माझं आणि माझ्या साडूचं मिळून गॅरेज होतं. जागा माझी, इंजिनाचं काम माझं. वायरिंग आम्ही दोघंही करायचो. तो आधी ट्रक चालवायचा. एक दिवस मालकाच्या टेबलावर चावी ठेवून आला आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. का, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दिवसाचा दिवा गिऱ्हाइकांच्या काही गळी उतरेना.

"मिस्त्री, यात काहीतरी काळंबेरं आहे," शाळेतले मास्तर म्हणाले. "बल्ब खपवायचे धंदे हे."

"बल्बचं सोडा, बॅटरी किती दिवस टिकणार?" दूधवाला म्हणाला.

जावयाचं दुखणं वेगळंच होतं. "मामा, समोरून येणारा प्रत्येक जण पंजा उघडझाप करून दाखवतो, दिवा चालू आहे म्हणून. माहितीये, माहितीये म्हणून मान हलवून हलवून माझी मान धरली."

मलाही ते पटलं. मी दिव्याच्या मागची वायर तोडून हँडलखाली एक छोटं बटण बसवायला लागलो, पहिलं जावयाच्याच गाडीला. पाऊण तासाचं काम. लोकांची रांग लागली. साडूला ते आवडलं नाही.

"उन्हातून सावलीत शिरताना मोटारसायकल दिसत नाही, मिस्त्री. दिवा असला तर दिसते."

"उन्हात दिवा बघतो कोण?"

"ट्रकवाला बघतो."

"तू कुठे आता ट्रकवाला?"

तो पान्हे पुसत बसला.

महिना-दीड महिना गेला आणि गाड्या परत यायला लागल्या. आधी मास्तर, मग दूधवाला. "बटण दाबतोय, दिवा आपला जळतोच आहे. हात थरथरायला लागले काय मिस्त्री?" दूधवाला चारचौघांत म्हणाला. मी हसलो खरा, पण जेवण गेलं नाही. तीस वर्षांत माझ्या हातचं काम असं परत आलं नव्हतं.

खोलून बघितलं तर मी तोडलेली वायर कुणीतरी बटणाला बगल देऊन पुन्हा जोडली होती. वर काळी टेप, व्यवस्थित. पहिला संशय समोरच्या गॅरेजवाल्यावर गेला. त्याची पाटी रोज पुसलेली असायची, म्हणून आम्ही त्याला चकाचक म्हणायचो. माझं नाव गेलं तर फायदा त्याचाच. दोन दिवस मी त्याच्यावर नजर ठेवली. तो बिचारा पाटी पुसत होता.

तिसरी गाडी आली तेव्हा टेप नीट बघितली. ती उलटी गुंडाळलेली होती. उजव्या हाताचा माणूस तशी गुंडाळत नाही. साडू डावखुरा. मनात पाल चुकचुकली.

त्यात ती वही. गॅरेजची वही तोच लिहायचा, कारण मला तेव्हा आकडे कळायचे, अक्षरं नाहीत. पण त्याच्या खिशात आणखी एक लहान वही असायची. मी जवळ गेलो की मिटायचा. मी म्हटलं, हा माझी गिऱ्हाइकं टिपून ठेवतोय. उद्या स्वतःचं दुकान टाकणार. एका दुपारी तो हात धुवायला गेला, तेव्हा खिळ्यावरच्या शर्टातून मी ती काढली आणि घरी गेलो. धाकटी आली होती. तिच्यापुढे टाकली.

"वाच."

"काकांची वही तुमच्याकडे कशी, बाबा?"

"आधी वाच."

"गाड्यांचे नंबर आहेत. प्रत्येकापुढे 'जोडली' लिहिलंय." पान उलटून ती हसली. "अय्या, हा तर यांचा नंबर! याच्यापुढे पण जोडली. काय जोडलंय काकांनी?"

वही घेऊन तसाच परत गेलो आणि साडूच्या पुढ्यात आपटली.

"मीच," तो म्हणाला. "सर्व्हिसिंगला आली की जोडून टाकतो."

"माझं नाव घालवायला?"

"नाव राहू दे. माझ्या ट्रकखाली एक जण आला होता. दुपारचे दोन वाजलेले. दोन्ही बाजूंनी झाडं, सावली. मला दिसलाच नाही तो. कोर्टाने सोडलं मला. पण मला माहितीये, मी बघत होतो आणि दिसला नाही."

"बरी आत्ताच आठवली गोष्ट."

त्याने शर्ट घातला, आपले दोन पान्हे उचलले आणि गेला. मी बायकोला म्हणालो, बघ, महिन्याभरात दुकान टाकतो की नाही. तिने बहिणीकडे जाणंही बंद केलं, माझ्या भीतीने.

जावयाची गाडी मी बोलावून घेतली. या वेळी टेप नाही. वायर पुन्हा तोडली, बटणाला कथलाने झाळून पक्की केली आणि जोड टाकीच्या खाली असा दडवला की कुणाच्या बापाला सापडू नये. जावई दिवा दोनदा लावून, विझवून बघत गेला. "सुटलो मामा!"

बारा दिवसांनी त्याला जीपने उडवलं. दोन्हीकडे झाडं असलेला रस्ता, सकाळची वेळ, समोरून येणारी जीप दुसऱ्या गाडीला मागे टाकत होती. जीपवाला म्हणत होता, "दिसलाच नाही." मी त्याची गचांडी धरली. प्यायला असशील, फोनवर असशील. पोलिसांना मी ठासून सांगितलं, नव्या गाडीचा दिवा बंद होतच नाही, हा खोटं बोलतोय. त्यांनी ते लिहून घेतलं. जीपवाल्याला कोठडीत बसवलं.

ते खरं ठरावं म्हणून मी चौकीच्या आवारात गाडी बघायला गेलो. हवालदाराने दिवा खोलू दिला. बल्बची काच फुटली होती. फुटताना दिवा जळत असेल तर आतली तार ताणली जाते, काळीनिळी पडते. बंद असेल तर कट्कन तुटते, चकाकत राहते. हे वाचायला अक्षरं लागत नाहीत.

मागे कुणीतरी उभं होतं. साडू होता.

"काय म्हणते तार?"

"चकाकतेय."

मी वाट बघत होतो, आता हा बोलेल. तो हवालदाराकडे गेला आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आला.

मी जबाब बदलला. बटण मी बसवलं, दुसऱ्यांदा मीच बसवलं, दिवा बंद होता, असं सांगून अंगठा दिला. मग घरी जाऊन हेच धाकटीला सांगितलं.

"काकांनी जोडली होती ना, बाबा?"

"हो."

"आणि तुम्ही तोडलीत."

"हो."

जावई अपघाताच्या दिवशीच, बुधवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता रस्त्यावरच गेला. लग्नाला दहा महिने झाले होते. त्याचं वय सत्तावीस होतं.