बाहेरून उघडणारी कडी

मी एक जुनी पितळी कडी आहे. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड, आणि एका टोकाला बोटांत धरायची गोल मूठ. माझ्या पाठीला एक पोक आहे. ते कसं आलं हे सांगायला मला आजही भीती वाटते. पण मित्रांनो, ते वगळून माझी गोष्ट सांगताच येणार नाही.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. तापलेलं पितळ साच्यात पडलं, थंड झालं आणि माझ्यासारख्या चार डझन बहिणी एका खोक्यात भरल्या गेल्या. ते खोकं विकत घेतलं एका कुलूपवाल्याने. शिंप्याचं दुकान आणि चपलांचं दुकान यांच्या बेचक्यात त्याची बोळकांडीएवढी जागा होती. कुलपं विकणं, चाव्या बनवून देणं आणि दाराबाहेर अडकलेल्या लोकांना त्यांचं दार उघडून देणं हा त्याचा धंदा. "चावी हरवली की लोक आधी देवाला हाक मारतात आणि मग माझ्या नवऱ्याला," असं त्याची बायको हसून म्हणायची. ती टपाल कचेरीत पत्रं निवडायचं काम करायची. त्यांना एकच मुलगी. तिला सगळे पिटू म्हणायचे.

कुलूपवाल्याने घराच्या न्हाणीघराला नवं दार बसवलं, तेव्हा खोक्यातून नेमकं मला निवडलं. मला दोनदा पुढे-मागे सरकवून तो खूश झाला. "कडी असावी तर अशी! एकदा लागली की कुणाच्या बापाला हलायची नाही," तो म्हणाला. त्या शब्दांनी मी किती फुगले होते! मला वाटायचं, घट्ट बसणं हाच माझा मोठेपणा.

पिटू बारा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. शाळेची घाई होती. ती आत आली, तिने मला लावलं, बादलीत नळ सोडला. मग तिच्या गळ्यातून एक विचित्र आवाज निघाला, आणि ती कोसळली. तिच्या टाचा फरशीवर धडधड आपटू लागल्या. बादली भरून वाहायला लागली. बाहेरून आईने हाक मारली, मग दार ठोठावलं, मग दोन्ही हातांनी बडवलं.

मित्रांनो, कडीला स्वतःहून मागे सरकता येत नाही. मला सगळं दिसत होतं आणि मी लागलेलीच होते.

कुलूपवाला धावत आला. आख्ख्या पेठेची दारं चुटकीसरशी उघडणारा तो माणूस, आणि त्याची हत्यारांची पिशवी नेमकी दुकानात राहिलेली! त्याने खांद्याने धडक दिली. एक. दोन. तिसऱ्या धडकेला माझ्या पाठीत वाक आला आणि स्क्रू लाकडाच्या ढलपीसकट उपटून निघाले. मी पाण्यात पडले. पिटूच्या ओठांवर निळसर रंग चढलेला मी खालून पाहिला. ती वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, फिटचा आजार आहे, गोळ्या चुकवू नका. पण त्याच संध्याकाळी कुलूपवाल्याने घरातली आतली एकूण एक कडी काढली. बाकीच्या भंगारात गेल्या. मला मात्र त्याने पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात टाकलं. का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्या कप्प्यात मी सहा वर्षं काढली. गंजलेल्या चाव्यांमध्ये, अंधारात, कुणाच्या उपयोगाची नसलेली. ऐकू मात्र सगळं यायचं. ज्या घराचा मालक गावाला कुलपं विकत होता, त्या घरात एकाही दाराला कडी नव्हती. न्हाणीघरात गेली की पिटूने गात राहायचं असा नियम होता. गाणं थांबलं की आई दार ढकलून आत. पोर मोठी झाली, तरी नियम तोच. फिट आता वर्षातून एखाद-दुसरी यायची. भीती मात्र रोजची होती.

मग एक पत्र आलं. टपाल निवडता निवडता ते आईच्याच हातात पडलं. दिवसभराच्या प्रवासावर एक ख्रिस्ती विद्यापीठ होतं. तिथे पिटूला गणिताला प्रवेश मिळाला होता. हे घर दर रविवारी चर्चला जाणारं. आईला आनंद लपवता येईना, आणि भीतीही. पत्रासोबत आणखी एक कागद होता: वर्ग सुरू होण्याच्या महिनाभर आधी एक दिवस पालकांच्या तयारीसाठी ठेवला आहे, दोघांनीही यावं.

ते गेले. कुलूपवाल्याने पिशवीही सोबत घेतली. बायकोने विचारलं, "तिथे कुणाचं कुलूप उघडायचंय?" त्याने पिशवीचा पट्टा खांद्यावर चढवला. मला मात्र त्याचा हात कप्प्यावरून फिरताना जाणवला.

सभागृहात वसतिगृहाची प्रमुख असलेली सिस्टर बोलायला उभी राहिली. कप्प्याच्या फटीतून मला ती दिसली: उंच, सडसडीत, पायात साधे कॅनव्हासचे बूट. ती म्हणाली, "मुलांची तयारी ती स्वतः करतील. आजची तयारी तुमची आहे." पालक हसले. कुलूपवाला हसला नाही. पाणी पिऊन येतो असं सांगून तो पिशवीसकट उठला, जिना चढला आणि पिटूच्या नावाची चिठ्ठी लावलेली खोली त्याने शोधून काढली. आत दोन खाटा, दोन टेबलं आणि कोपऱ्यात छोटं न्हाणीघर. दाराला आतून लोखंडी कडी. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने पेचकस काढला. माझ्यासारखीच एक कडी कुणाला न विचारता काढली जात होती आणि मला वाटत होतं, लवकर काढ, कुणी यायच्या आत काढ.

"तिसरा स्क्रू घट्ट आहे," मागून आवाज आला. "मागच्या वर्षी रंगाऱ्याने त्यावर रंग फासलाय."

सिस्टर दारात उभी होती. तिच्यामागे पिटू आणि तिची आई. पिटूचं तोंड शरमेने लाल झालं होतं.

"बाबा, काय करताय हे?"

कुलूपवाल्याच्या हातातून पेचकस गळला. मग तो एकदम भडकला. "तुम्ही पत्रात लिहिता, आम्ही मुलीसाठी प्रार्थना करू. प्रार्थनेने कडी उघडते का हो सिस्टर?"

"नाही उघडत," ती शांतपणे म्हणाली. "त्याला माणूस लागतं. प्रार्थना करून मी तेच मागते, की वेळेला माणूस जवळ असू दे. पण काय उघडायचंय ते मला कळायला नको का? तुमच्या अर्जात आजाराच्या रकान्यात तुम्ही 'काही नाही' लिहिलंय."

आई खाटेवर बसली. "मीच लिहिलं," ती म्हणाली. "वाटलं, खरं कळलं तर घेणार नाहीत."

"घेतलंय. आता खरं सांगा."

आईने सांगितलं. बोलता बोलता दोनदा थांबली. कुलूपवाल्याने मला कप्प्यातून काढून टेबलावर ठेवलं. सहा वर्षांनी मी पुऱ्या उजेडात आले, आणि चार माणसं माझ्या वाकलेल्या पाठीकडे बघत होती. मला तोंड लपवावंसं वाटलं. सिस्टरने मला उचललं, वाकावरून बोट फिरवलं आणि पिटूला विचारलं, "तुला काय हवंय गं?"

पिटूने दारावरच्या अर्धवट सुटलेल्या कडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आतून लावता येईल अशी कडी. सहा वर्षं मी न्हाणीघरात गातेय सिस्टर. मला गाणं आवडतसुद्धा नाही."

आईने तोंडावर पदर घेतला. ती हसत होती की रडत, ते मला कळलं नाही.

सिस्टर कुलूपवाल्याकडे वळली. "आतून लागेल आणि अडचणीत बाहेरून उघडेल, अशी कडी तुम्हाला करता येईल?"

त्याने मला तिच्या हातातून परत घेतलं. सहा वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्यानेही स्वतःला विचारला नव्हता.

निघताना सिस्टरने त्यांना तीन आठवड्यांचं काम दिलं. गोळ्या पिटूने स्वतः घ्यायच्या, आईने आठवण करून द्यायची नाही. फिट आली तर काय करायचं ते पिटूने स्वतःच्या अक्षरात लिहायचं आणि खोलीतल्या मैत्रिणीला स्वतः सांगायचं. आणि नव्या कडीचा सराव घरी करायचा. "भीती जाणार नाही," ती म्हणाली. "भीती असतानाच सराव करा."

दुकानात मला शेगडीवर तापवलं, ठोकलं. पाठ बरीचशी सरळ झाली, थोडं पोक राहिलं. माझ्या दांड्यात त्याने खाच पाडली, दारातून आरपार एक गज घातला आणि बाहेरच्या टोकाला नाण्याएवढी चीर ठेवली. नाणं घालून फिरवलं की गजाचं आतलं टोक माझी खाच ढकलतं आणि मी मागे सरकते. मग घरी न्हाणीघराच्या दारावर त्याने मला पुन्हा बसवलं आणि दाराच्या बिजागऱ्याही उलट्या लावल्या. पोर आत दाराला टेकून पडली तरी दार बाहेर उघडलं पाहिजे.

पहिल्या दिवशी पिटूने मला लावलं. आत गाणं नव्हतं. बाहेर आई-बाप भिंतीला पाठ लावून उभे, बापाच्या घामेजल्या मुठीत नाणं. दहा मिनिटांनी ती केस पुसत बाहेर आली. "काय हे, पहारा बसलाय जणू!" म्हणाली. तरी दुसऱ्या दिवशीही ते उभे होतेच. आठ दिवसांनी आई स्वयंपाकघरापर्यंत गेली.

आणि सतराव्या दिवशी तो आवाज पुन्हा आला. तेच कोसळणं, त्याच टाचा. मला वाटलं, झालं, माझ्यामुळे पुन्हा झालं! पण बाहेर नाणं खणकन चिरेत बसलं. पहिल्यांदा ते आईच्या हातून निसटलं. दुसऱ्यांदा तिने ते फिरवलं आणि मी सरकले. तिने पिटूला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सारला, तोंडात काहीही घातलं नाही आणि बाहेरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. दोन मिनिटांत सगळं शांत झालं.

कुलूपवाला दुकानातून आला आणि सगळं ऐकून त्याने पिशवी खाली आपटली. "बस्स झालं. कुठेही जायचं नाही. गणित घरी बसून पण होतं."

पिटूचा आवाज अजून जड होता. "बाबा, आईने उघडलं ना?"

"आई तिथे नसेल!"

"मग तिथे जी असेल तिला शिकवा. तुम्ही कुलपं विकता तेव्हा गिऱ्हाईकाला शिकवताच ना, की त्याच्या घरी राहायला जाता?"

बापाने माझ्याकडे पाहिलं. मग पेचकस घेऊन तो मला दारावरून काढू लागला. मला वाटलं, आता भंगार. त्याने मला स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि पिटूच्या बॅगेत, तिच्या कपड्यांवर ठेवलं.

आता मी वसतिगृहाच्या त्या दारावर आहे. सिस्टरने सुतार बोलावून दार बाहेर उघडेलसं करून घेतलं. सोबतची मुलगी बुटकी आणि बडबडी आहे. कुलूपवाल्याने तिच्याकडून मला वीस वेळा उघडवून घेतलं. "काका, आता झोपेतही उघडेन," ती म्हणाली तेव्हा कुठे त्याने बायकोला निघू या म्हटलं. जिन्यावर त्यांची पावलं दोनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबली नाहीत.

दोन महिन्यांनी ते झालं. सकाळची प्रार्थनेची घंटा नुकतीच होऊन गेली होती. बुटकीने नाणं फिरवलं, सगळं लिहिल्याबरहुकूम केलं आणि सिस्टरला हाक मारली. दुपारी पिटूने स्वतः घरी फोन लावला. मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं.

"आई, आज सकाळी फिट आली होती... दोन मिनिटं... नाही, लागलं नाही... अगं नको, येऊ नका... हो, सिस्टर होत्या... बाबांना दे ना... बाबा, ऐका. सगळं नीट झालं, आणि ते मी स्वतः सांगतेय तुम्हाला, बघा." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "ठेवते. अडीचला तास आहे," आणि वह्या घेऊन गेली.

मित्रांनो, मला अजूनही भीती वाटते. रोज सकाळी ती मला लावते आणि मी पाण्याचा आवाज मोजत राहते. तुमच्याही घरात माझ्यासारख्या कड्या असतील. त्यांना अधूनमधून तेलाचा थेंब द्या, सैल झालेले स्क्रू आवळा, अडकायला लागलेली कडी उद्यावर ढकलू नका. आणि दाराआड तुमचं कुणी असेल, तर त्याची कडी काढून घेऊ नका. ती बाहेरून कशी उघडायची, तेवढं आधी शिकून ठेवा.